आधी वाचून घे

“बाबा म्हणाले, मागच्या बाजूला सही कर आणि काकांना दे. पण ही सही कशासाठी, काका?” नीरजाने कॉलेजकडून आलेला फीचा फॉर्म टेबलावर ठेवला.

भगवानरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला. कॅनडात, एडमंटनमधल्या मराठी मंडळींची बाबासाहेबांची जयंती आणि टॅक्स भरायची मुदत, दोन्ही एप्रिलमध्येच. त्यामुळे पुढे स्टेजवर भाषणं चालत आणि मागच्या कोपऱ्यात भगवानरावांचं टेबल लागे. ज्यांना टॅक्सचं कळत नाही त्यांचे रिटर्न ते फुकट भरून देत.

“बरं झालं विचारलंस.” त्यांचा आवाज आपोआप भाषणाच्या सुरात गेला. “तू कॉलेजची फी भरलीस, त्यावर टॅक्समध्ये सूट मिळते. ती सूट तुझी. आज तुझी कमाई थोडी, तर ती सूट पुढच्या वर्षांसाठी राखून ठेव. नोकरी लागली की तुझाच टॅक्स वाचेल. आईबापाला देता येते, त्यासाठी ही सही. पण एकदा दिली की गेली. मर्जी तुझी. फक्त वाचल्याशिवाय कशावर सही करू नकोस. आमच्या आजोबांनी न वाचता अंगठे उठवले. आपण शिकलो ते मग कशाला?”

“ओके. मग मी आधी बाबांशी बोलते,” म्हणत नीरजाने फॉर्म बॅगेत टाकला आणि जेवणाच्या रांगेकडे गेली.

शेजारच्या खुर्चीवर कोमल, भगवानरावांची मुलगी, लोकांचे कागद लावून ठेवत होती. तिने मान वर केली नाही. भगवानरावांना मात्र तिचा फॉर्म आठवला.

कोमल युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा त्यांनीच तिला समजावलं होतं, “इकडे मुलं आपली फी आपणच भरतात बेटा, त्यात कमीपणा नाही.” पोरीने स्टुडंट लोन घेतलं आणि शनिवार-रविवार ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी राहिली. पुढच्याच एप्रिलमध्ये ह्याच बापाने तिच्यापुढे फॉर्म सरकवला, “कर इथे सही. घर काय वेगळं आहे का आपलं?” फी भरायची वेळ आली की कॅनडा आणि सूट घ्यायची वेळ आली की गावाकडचं नागपूर. भगवानरावांच्या दोन्ही हातांत लाडू.

तिच्या सहीवर गेल्या वर्षी मिळालेल्या रिफंडमधून त्यांनी मंडळाला प्रोजेक्टर दिला होता. शाल मिळाली, टाळ्या पडल्या. कोमलही वाजवत होती. आत्ता स्टेजवर त्याच प्रोजेक्टरवर जुने फोटो चालले होते.

चोरी म्हणावी तर नव्हती. सगळं नियमात होतं, सही तिचीच होती. पण दुसऱ्याच्या मुलीला जे दोन मिनिटांत सांगितलं, ते आपल्या मुलीला सांगायला तोंड उघडलं नव्हतं. भगवानरावांना स्वतःची लाज वाटली.

कोमल उठून समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. बॅगेतून आपला फॉर्म काढून तिने तो उलटा केला आणि पेन घेतलं.

“माझंच राहिलंय, बाबा. सेम अ‍ॅज लास्ट इयर?”

“थांब.” भगवानरावांनी फॉर्मवर हात ठेवला. “आधी वाचून घे.”

“काय?”

“ते मागचं. आत्ता नीरजाला सांगितलं ना, तेच.” त्यांनी बोटाने मजकूर दाखवला. “तुझी सूट मी घेतली. गेली दोन वर्षं. तू माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही करत होतीस, आणि मी करू दिली.”

स्टेजवर कुणाचं तरी भाषण संपलं. टाळ्या थांबल्यावर कोमल बोलली.

“आय रेड इट, बाबा. पहिल्याच वर्षी.” ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चिडली नव्हती. “तुम्हीच सांगता ना, वाचल्याशिवाय सही करायची नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“आय थॉट यू वुड टेल मी.”

भगवानरावांनी फॉर्मवरचा हात उचलला. कोमलने पेनचं टोपण काढलं.

“सो? या वर्षी करू सही?”

तेवढ्यात माइकवरून आवाज आला, “आता आपले भगवानकाका दोन शब्द बोलतील.” पुढच्या रांगांमधले लोक मागे वळून बघू लागले. भगवानराव उठले नाहीत. त्यांनी फॉर्म घडी घालून तिच्या बॅगेत ठेवला, मग तिच्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावायला गेले. नजर कोमलवरच होती, टोपण काही बसेना.

शेवटी ते कोमलनेच लावलं.