मास्तरांची फळी

"काका, बेस तिकडे कोपऱ्यात न्यावा लागेल. ड्रमच्या माइकमध्ये घुसतोय," काचेमागून सुहासिनी म्हणाली.

जयदेवमास्तरांनी मान वर केली नाही. ती बाहेर येऊन समोर उभी राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा ते हसले. "बेस इथंच राहणार, बाई. माझ्या फळीवर."

फळी म्हणजे प्लायवूडचा भला मोठा तुकडा. मास्तरांनी तो अंबरनाथहून रिक्षाच्या टपावर बांधून उल्हासनगरला आणला होता. त्यावर ड्रम मांडलेले, त्यावरच भीमरावांच्या बेसचा, त्या माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्याचा, बुडाचा खिळा रोवलेला. चपला काढल्याशिवाय फळीवर पाय ठेवायचा नाही. सुहासिनीच्या या रेकॉर्डिंगच्या खोलीत भजनवाले यायचे, भीमगीतवाले यायचे, ऑर्केस्ट्रावाले तर रोजचेच. पण असलं खूळ तिनं पाहिलं नव्हतं. कशासाठी असेल हे? ती सकाळपासून विचार करत होती.

मास्तरांनी आयुष्यभर हॉटेलांमधून दुसऱ्यांच्या मागे बसून स्विंग, म्हणजे नाचाचं जॅझ, वाजवलं. आज पहिल्यांदा कॅसेटवर त्यांचं नाव येणार होतं. शेवटची एक धून तेवढी राहिली होती. शुक्रवार होता, दोनला लाइट जायची, आणि दीड वाजून गेला होता.

लाल दिवा लागला. मास्तरांचे ब्रश ड्रमवर फिरू लागले. मध्येच ते थांबले. "भीमराव, मागे राहिलास."

दुसऱ्या खेपेला गुरुदत्तच्या क्लॅरिओनेटकडे बघता बघता थांबले. "श्वास अपुरा घेतलास."

दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. काय कान आहे म्हाताऱ्याचा, सुहासिनीला कौतुक वाटलं.

तिसऱ्या खेपेला धून शेवटपर्यंत गेली, आणि फार सुरेख गेली. फक्त शेवटी मास्तरांनीच घाई केली. शेवटची धून, हुरूप आला असेल. भीमरावांनी आणि गुरुदत्तनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसले. मास्तरांना सांगणार कोण?

"ऐकवा," म्हणत मास्तर आत आले आणि हेडफोन लावून बसले. सुहासिनीनं आपलाही लावला. टेपचं स्पूल फिरू लागलं. मास्तर डोळे मिटून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते.

धून संपली. मास्तरांची बोटं मात्र संथपणे चालतच होती. आणखी चार ठोके झाले, तेव्हा कुठं ती थांबली.

"झकास," मास्तर म्हणाले. "हेच ठेवा."

एवढा तिखट कान, आणि स्वतःची चूक सुटली? तिनं खाली पाहिलं. मास्तरांच्या हेडफोनची पिन फरशीवर पडली होती. कधीची निसटली होती कुणास ठाऊक.

तिनं काचेपलीकडे पाहिलं. भीमराव काचेशी येऊन उभे होते; पिन त्यांनीही पाहिली होती. त्यांनी हळूच मान हलवली: नको. तेव्हा तिला फळीचं कोडं सुटलं. मास्तरांना ऐकूच येत नव्हतं. बेस पायाला कळत होता, क्लॅरिओनेट डोळ्यांना. स्वतःचं वाजवणं तेवढं कळायला काही उरलं नव्हतं.

'हेच ठेवा' म्हणाले आहेत, ठेवावं. नाव त्यांचं, पैसे त्यांचे. पण नाव त्यांचं होतं, म्हणूनच तिला राहवेना.

तिनं भिंतीवरचा मोठा स्पीकर उतरवला, बाहेर नेला आणि फळीवर पालथा ठेवला. मग मास्तरांसमोर येऊन म्हणाली, "काका, एकदा इथं ऐका ना. चपला काढून."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग फरशीवरच्या पिनकडे त्यांची नजर गेली. चेहरा उतरला. मग त्यांनी चपला काढल्या आणि फळीवर जाऊन उभे राहिले.

सुहासिनीनं आवाज पूर्ण सोडला. प्लायवूड थरथरू लागलं. मास्तर मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहत होते, जणू तिथं कुणी काही सांगत होतं. शेवट आला तसा त्यांच्या पायाचा अंगठा वर उचलला गेला आणि तसाच राहिला.

"घाई मी केली," ते म्हणाले. मग भीमरावांकडे वळले. "आणि तू बोलला नाहीस."

"मास्तर, तुम्हाला कसं..."

"किती वाजले?"

"दोनला दहा कमी," सुहासिनी म्हणाली.

मास्तर ड्रममागे जाऊन बसले. भीमरावांनी बेस उचलला आणि त्याचा खिळा फळीतल्या जुन्या भोकात पुन्हा घट्ट बसवला.