अंगठ्याशेजारची जागा

कोर्टासमोरच्या टायपिस्टने दयेचे अर्ज लिहून इतक्या दगडांना पाझर फोडले होते, की म्हणे कोर्टाची पायरी उन्हाळ्यातही ओली असे. जन्मठेपेची एकोणीस वर्षं काढलेल्या मुलासाठी एक म्हातारी या टायपिस्टच्या टेबलाशी आली. "लिहा, त्यानं खून केलाच नाही." "मावशी, न केलेल्या गुन्ह्याला सरकार माफी कशी देणार? केला, पस्तावला, असंच लिहावं लागतं." "दर भेटीत पोरगं विचारतं, आई, तुझा तरी विश्वास आहे ना?" "विश्वासानं कुलूप उघडत नाही, मावशी." टायपिस्टने खटाखट ओळ बडवली: 'माझ्या मुलाने खून केला.' म्हातारीने डोळे मिटून खाली अंगठा उमटवला. "त्याला हे कळू देऊ नका हं, दादा." टायपिस्टने अंगठ्याशेजारची मोकळी जागा दाखवली. "इथे त्याचीच सही लागते, मावशी." म्हातारी बोटाने ओला ठसा पुसू लागली. तो पसरत गेला.