टेपचं दुसरं टोक

महिनाभराच्या धरण्यापुढे साहेब एकदाचे नमले. "उद्या माळाची जमीन मोजून वाटतो. पण वस्तीतलं माणूस न् माणूस तिथे हजर पाहिजे."

सकाळी झोपड्या ओस पडल्या. अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही आम्ही उचलून आणलं. टेपचं दुसरं टोक धरायला बाबा आपणहून पुढे झाले. मोजणीदारांच्या हाताखाली लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

दुपारी ते माझ्या कानाशी लागले. "पोरी, सकाळपासून मोजतोय हा, पण वहीत एक आकडा लिहिलेला नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच, बाबा!"

तेवढ्यात मोजणीदाराचा फोन वाजला.



"वस्ती पाडून झाली?" एवढंच विचारून तो टेप गुंडाळायला लागला.