घोंगडीखालची मोसंबी

गनीभाई ओसरीवर न टेकता सरळ परसाकडे निघाले आणि केशरबाईच्या हातातला तांब्या निम्मा सांडला. ते आले होते लेकीच्या, फरीदाच्या, लग्नाचं आवतण घेऊन. पण परसात मोसंबी होती, आणि ती चोरीची होती.

महायुद्ध जोरात असताना अख्ख्या मिरजगावात मोसंबीचं झाड एकच, शेजारच्या गनीभाईंचं. केशरबाईने चारचौघांत त्यांच्याकडे एक काडी मागितली. काडीवरचा डोळा, म्हणजे बारीक कोंब, जांभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपात भरला की त्याला मोसंबी धरते, एवढं तिला ठाऊक होतं.

"एकाला दिली की सगळं गाव दारात येतंय. झाड बोडकं हुईल. न्हाई वैनी," गनीभाई तोंडावर म्हणाले.

केशरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिने कुंपणातून हात घातला, हाताला लागली ती काडी कापली, आपल्या जांभेरीच्या रोपाला चीर देऊन डोळा बसवला आणि केळीच्या सोपटाने आवळून बांधला. डोळा लागला, पण बाईची झोप उडाली. पिढ्यांचा शेजार, आणि आपण चोर!

चार वर्षं गेली आणि यंदा झाड फळांनी लगडलं. गनीभाई येताना दिसले तशी नवऱ्याने, श्रीमंतने, घाईघाईने झाडावर घोंगडी टाकली. झाडाला थंडी वाजते, असं सांगायचं ठरलं होतं. भर चैत्रात!

गनीभाईंनी घोंगडी उचलली.

केशरबाईला रडूच फुटलं. "चुकलं माझं, गनीभाई. काडी चोरली म्या. काय बी बोला, पन पोरीच्या लग्नाला येऊ नका म्हनू नका."

गनीभाईंनी एक फळ तोडलं, सोललं, दोघांच्या हातावर फोडी ठेवल्या आणि पोट धरून हसले.

"वैनी, तुमी कापली ती झाडाच्या बुडातून फुटल्याली काडी. माझ्या झाडाचं बुड बी जांभेरीचंच की! लई आंबट फळं खाल्ली असती. सकाळी कापल्याली जागा दिसली न् मला कळलं. तुमी बाजाराला गेल्या, तवा म्याच तुमी बसवल्याला डोळा काढून त्याच चिरीत मोसंबीचा भरला."

"आँ? मंग सांगायचं न्हाई व्हय?" श्रीमंत ओरडला.

"हळू!" गनीभाईंनी कुंपणापलीकडे पाहिलं आणि घोंगडी पुन्हा झाडावर ओढली. "कुनी इचारलं तर चोरलीय म्हनूनच सांगा."