आबांची फाईल

मंगलने अंगणवाडीच्या कामासाठी कॉम्प्युटर घेतला तो लोणावळ्यातल्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा, वापरलेला. त्यावर मराठी टाइप करता यायचं, म्हणून दोन पावसाळे ती रोज संध्याकाळी वडिलांना शेजारी बसवायची. त्यांच्या कुरवंडे गावात कुठल्या बंगल्याखाली कुणाचं शेत गेलं, कुठल्या गेटच्या आत कुठला झरा राहिला, हे आबा सांगायचे आणि ती टाइप करायची. झालेल्या ओळीवरून आबा एकदा बोट फिरवायचे, मगच पुढचं सांगायचे. हल्ली मात्र त्यांना आपल्याच शेताचं नाव आठवेनासं झालं होतं.

अंगणवाडीचे नवे फॉर्म जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेनात, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"ताई, याची मूळ सीडी?"

"ती मिळालीच न्हाई."

त्याने जुनं काढून नवं टाकलं. आबांची फाईल उघडली, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं.

"जुना मराठी फॉन्ट त्या सीडीतच असणार. आता कुठे मिळायचा तो?" असं म्हणून तो बॅग आवरून गेला.

मंगलने फाईल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तीच चिन्हं.

"आबा, तुमी सांगितलेलं समदं गेलं."

आबा उठून आले, वाकले आणि त्यांनी नेहमीसारखं ओळींवरून बोट फिरवलं.



"समद्या ओळी हायेत की जाग्यावर. मला तर आदीबी आशाच दिसायच्या."