बंगल्याचे दोष

“माडीवर नाग हाय,” बंगल्याचा राखणदार बुधाजी म्हणाला.

हव्वाबीने मान वर करून माडीकडे पाहिलं. तिचा धाकटा भाऊ मुनाफ नुसता हसला. बोटीवरची नोकरी संपवून तो महिन्यापूर्वीच पनवेलला परतला होता, आणि विधवा बहिणीसाठी खाडीकाठचा हा बंगला घ्यायचाच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हवेशीर दिवाणखाना, सागवानी दारं, आंब्याची पाच कलमं, बाजार हाकेच्या अंतरावर. एकेक गुण सांगताना तो छत्रीचं टोक ओसरीच्या फरशीवर आपटत होता.

बुधाजी मागोमाग दोष सांगत होता. आंबे किडके. पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागलेला. पावसाळ्यात दिवाणखान्यात टोपं मांडून बसावं लागतं. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाने आज सगळी कसर भरून काढली होती.

करणार काय? मालक मुंबईला असायचे, मे महिन्यात आठ दिवस यायचे. उरलेलं वर्ष बंगला बुधाजी आणि मैना या नवराबायकोचा. मिठागर सोडून तो इथे राखणीला आला त्याला सोळा वर्षं झाली होती. राहायला मागची खोली होती, पण दुपारी कामं उरकली की दोघं पुढच्या ओसरीत येऊन बसत. खिडक्यांच्या रंगीत काचांमधून लाल-निळं ऊन फरशीवर उतरे. भरतीचा वारा सुटला की मैना बसल्या बसल्या पेंगू लागे, आणि तिच्या पिकत चाललेल्या केसांवरून ते निळं ऊन हळूहळू सरकत जाई. बुधाजी बघत राही. आपण जागे आहोत की झोपेत, हे त्याचं त्यालाही कळत नसे. मूलबाळ नव्हतं, गावचं घर भावाच्या वाट्याला गेलं होतं. नवा मालक आपली माणसं आणणार, मागची खोली रिकामी करा म्हणणार. मग मैनेला घेऊन जायचं कुठे?

“आणि विहीर?” हव्वाबीने विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती.

मिठागरात अर्धा जन्म काढलेल्या माणसाला याचं उत्तर शोधावं लागलं नाही.

“खारी,” बुधाजी म्हणाला. “उधानाला खाडीचं पानी आत शिरतं. मानसाचं सोडा, गुरं बी तोंड लावत नायत.”

मुनाफची छत्री थांबली. नाग मारता येतो, भिंत दुरुस्त होते. पण विहीर खारी म्हणजे सगळंच मुसळ केरात. त्याचा चेहरा उतरला. बुधाजीला मात्र हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत हे लोक जातील, उद्या दुपारी पुन्हा आपली ओसरी.

तेवढ्यात आतून मैना आली. हातात पाण्याचा तांब्या, वाटीत गुळाचे खडे. दारी आलेल्याला पाणी हवं का म्हणून विचारायचं नसतं, द्यायचं असतं, एवढंच तिला ठाऊक.

“लई ऊन हाय, बाय. पानी घ्या. आत्ताच आपल्या विहिरीतनं शेंदलंय.”

बुधाजीने डोळे मिटून घेतले.

हव्वाबी सावकाश पाणी प्याली. तांब्या खाली ठेवून तिने फरशीवरच्या त्या रंगीत उन्हाकडे पाहिलं. मुनाफनेही एक घोट घेतला आणि तो उसळलाच. “आपा, हे तर गोड आहे! मघापासून हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय!”

“घर घेऊ, मुनाफ,” हव्वाबी म्हणाली. “मागची खोली मात्र यांचीच. यांना इथून हलवायचं नाही.”

“असल्या माणसाला ठेवायचं?”

“तू बोटीवर होतास. दिरांनी आमचं घर विकायला काढलं, तेव्हा मीसुद्धा आल्या-गेल्याला विहीर खारी आहे म्हणूनच सांगितलं,” ती म्हणाली. “आणि कुणी चव बघू नये म्हणून भर उन्हात घोटभर पाणीही दिलं नाही. घर तर गेलंच, मुनाफ. त्या तहानलेल्या माणसांची तोंडं मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.”