रेघेबाहेर
एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या इशरतच्या मांडीवर साधं गळू झालं. पण मूत्रपिंडाच्या आजारावरच्या गोळ्यांनी तिची प्रतिकारशक्ती पार खालावली होती, म्हणून भिवंडीतल्या डॉक्टरांनी लाल झालेल्या कातडीभोवती पेनानं रेघ मारली. "लाली रेघेबाहेर गेली तर थांबू नका, सरळ ठाण्याच्या हॉस्पिटलात न्या," ते तिच्या आईला, खदीजाला म्हणाले. दुसऱ्या दुपारी लाली रेघ ओलांडून गुडघ्यापर्यंत उतरली. पोरगी तापात बरळत होती, बाप कापडाच्या लूमवर ड्युटीला गेला होता. खदीजानं तिला रिक्षात घातलं. ठाण्याच्या वाटेवर कशेळीच्या पुलाआधी ट्रकांची रांग हलेना. "भाई, कुठून तरी काढा ना!" ती काकुळतीला आली. "कुठून काढू, बाजी?" रिक्षावाला म्हणाला. तिनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि ट्रकांमधून वाट काढत पळतच पूल ओलांडला. पलीकडे एका टेम्पोवाल्यानं तिला हॉस्पिटलात पोचवलं. सर्जन म्हणाले, "कातडी आतून सडत चाललीय, कापून काढावी लागेल. पायही जाईल कदाचित." "पाय घ्या साहेब, पण पोरगी द्या," खदीजा म्हणाली. रात्री ऑपरेशननंतर इशरत शुद्धीवर आली तेव्हा पाय जागेवर होता, पण तो कामाचा राहील की नाही हे कोणीच सांगेना. खदीजानं चादरीखाली हात घालून त्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. पोरगी नुसती बघत राहिली. खदीजानं जीव खाऊन आणखी जोरात काढला. "दुखतंय ना, अम्मी!" इशरत कळवळली, आणि खदीजा पलंगाची कड धरून खाली बसली नि ढसाढसा रडू लागली.